कच्चा टाका

५ जानेवारी, रविवार

आज तिने आरशावरची चादर काढली. मला विचारलंसुद्धा नाही.

ती म्हणजे मास्टरांची लेक. चित्रकार आहे. मोठ्या शहरात राहते, भिंतीएवढाली चित्रं काढते आणि लोक ती बघायला तिकीट काढून जातात म्हणे. वडील गेल्यावर आली ती अजून परत गेलेली नाही. सकाळी दुकानात शिरली, पिशवी मास्टरांच्या खुर्चीला अडकवली, कपडे घालून बघायच्या आरशासमोर उभी राहिली आणि चादर ओढून काढून, घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, मावशी, हे अजून कसं काय? घरातले आरसे सात दिवस झाकतात, दुकानातले तर झाकतही नाहीत.

मला माहीत नाही का? आम्हा यहुद्यांत माणूस गेलं की घरचे आरसे झाकतात आणि जवळची माणसं सात दिवस जमिनीलगत बसून राहतात, हे मला तिच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, धूळ बसू नये म्हणून ठेवली होती. इतके दिवस गिऱ्हाइकं अंदाजानेच कपडे घालून बघत होती, कुणी हूं की चूं केलं नाही. एकाची पँट आखूड झाली, तेवढंच.

आरसा मोकळा झाल्यावर दुकान दुप्पट दिसायला लागलं आणि मास्टरांच्या खुर्च्या दोन झाल्या. दोन्हींत तीच बसलेली. आयत्या बिळावर नागोबा.

७ जानेवारी, मंगळवार

ही वही ह्यांनी आणून दिली आहे. दुकानातून आल्यावर मी रोज जे ऐकवते ते यात लिहावं, म्हणजे निदान त्यांचे कान शाबूत राहतील, असं ह्यांचं म्हणणं. लिहिते बापडी.

तर आधी नीट सांगते, पुढे माझाच गोंधळ नको. दुकान मास्टरांचं. ते शिवायचे, मी रफू करायची. बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजू. जळलेलं, कुरतडलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड माझ्याकडे येतं आणि जाताना ते कुठे फाटलं होतं हे मालकालाही सांगता येत नाही. मास्टर गिऱ्हाइकाला म्हणायचे, "शोधून दाखवा, आख्खा सूट फुकट शिवून देतो." कुणालाही सापडलं नाही. गावात मला सगळे रफूताईच म्हणतात.

नोव्हेंबरात सिनेगॉगची सहल निघाली होती. परतीच्या घाटात बस कठडा तोडून खाली गेली. मी सहलीला नव्हते, एक कोट तातडीने द्यायचा होता. मास्टर म्हणाले होते, "तुम्ही थांबा, मी जाऊन येतो." त्यात काही विशेष नाही, चहा आणायला जातानाही ते असंच म्हणायचे.

आता गेलेल्यांच्या घरचे आणि वाचलेल्यांच्या घरचे एकमेकांशी धड बोलत नाहीत. बस ठरवली होती सेक्रेटरीने. त्याचा स्वतःचा थोरला भाऊ त्याच बसमध्ये गेला, पण ते कुणी धरत नाही. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मागच्या आठवड्यात नऊच जमले, दहावा सेक्रेटरी बाहेर पायरीवर उभा होता, आणि त्याला आत या म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. शेवटी प्रार्थना न करता सगळे घरी गेले. प्रार्थना चालवणारे काका सगळ्यांच्या शेवटी गेले, दिवे मालवून.

१२ जानेवारी, रविवार

मास्टरांची बायको, म्हणजे वहिनी, आज आपला फाटका ब्लाऊज घेऊन दुकानात आल्या.

अंत्यविधीच्या वेळी जवळच्यांनी अंगावरचं वस्त्र फाडायचं अशी आमची रीत. आईबापासाठी डावीकडे, काळजावर. बाकीच्यांसाठी उजवीकडे. नवरा, भाऊ, मूल यांच्यासाठी फाडलेलं तीस दिवसांनी नीट शिवून टाकता येतं. आईबापासाठी फाडलेलं मात्र कधीच नाही. त्याला फार तर कच्चा टाका घालायचा, मोठा, वेडावाकडा, लांबून दिसणारा. ते वस्त्र विकलं तर घेणाऱ्यालाही बजावायचं की बाबा रे, ही फाट शिवायची नाही. आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी आणि नवरा किंवा बायको, अशी सात नाती. एवढ्यांनीच फाडायचं, एवढ्यांनीच बसायचं. बाकीच्यांनी उकडलेली अंडी घेऊन भेटायला जायचं. मी नेली. सातही दिवस नेली. वहिनी खाली बसलेल्या, लोक येऊन त्यांच्याजवळ बसताहेत, हात हातात घेताहेत, आणि मी आपली स्वयंपाकघरात अंडी सोलतेय. वहिनींना वर्षभरात कधी दुकानाची पायरी चढायला वेळ झाला नव्हता. पण फाडायला त्या, आणि सोलायला मी.

असो. त्या म्हणाल्या, "तुमचा हात लागला की हे फाटलं होतं हे कळणारही नाही, नाही का?" मी म्हटलं, नाहीच कळणार. त्या बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग ब्लाऊज परत पिशवीत घातला आणि घेऊन गेल्या. विक्षिप्तपणा, दुसरं काय.

जेवताना हे म्हणाले, मास्टर गेल्यापासून तुला रडताना पाहिलं नाही. मी म्हटलं, मी कोण लागते त्यांची? ह्यांनी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलला. समजूतदार माणूस आहे, फक्त बोलतो फार कमी.

१९ जानेवारी, रविवार

सिनेगॉगात कमिटीची बैठक. चित्रकार बाईंनी बेत मांडला. एक मोठं कापड घ्यायचं. ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांनी फाडलेलं वस्त्र आणून द्यायचं आणि ती सगळी त्या कापडावर जोडायची, फाट दिसेल अशी. प्रत्येकाखाली एकच शब्द भरायचा, गेलेल्या माणसाला आपण काय हाक मारत होतो तो. नाव नाही, आडनाव नाही. आणि ते मागच्या उघड्याबोडक्या भिंतीवर टांगायचं.

काकांनी विचारलं, चेहरे काढणार का? ती नाही म्हणाली. मग काकांची हरकत नव्हती. ते म्हणाले, सध्या आपण एका खोलीत बसत नाही, कपडे तरी एकत्र बसू देत. झालं, कौतुकाला पूर आला. काय डोकं आहे, काय कल्पना आहे, बापाचं नाव काढलं. एका बाईंनी तर तिचा हात हातात घेऊन डोळे पुसले. फाटक्या कपड्यांमध्ये माझं आयुष्य गेलं, माझा हात घेऊन अजून कुणी डोळे पुसलेले नाहीत. उलट विचारतात, गुरुवारपर्यंत होईल ना?

काम आमच्या दुकानात करायचं ठरलं, कारण टेबल मोठं आहे. टेबल मोठं आहे ते कापड कापायला.

२८ जानेवारी, मंगळवार

मास्टरांना मला बोलवायचं झालं की ते कात्री टेबलाच्या कडेवर वाजवायचे. टक टक. बावीस वर्षांत हाक म्हणून ती नाही. शिवण जमली की टक टक, बघा म्हणून. चार वाजले की टक टक, चहा. मी "आले" म्हणायची.

आज मी खिडकीशी पाठमोरी बसून कोटाची बाही धरली होती. टक टक. मी "आले" म्हणून वळले तर ही! हातात तीच कात्री. म्हणे, मावशी, हा रंग बघा ना. अंगाचा तिळपापड झाला. मी सांगितलं, मला कात्रीने बोलवायचं नाही, तोंड आहे ना. तिचा चेहरा पडला. म्हणाली, मी मुद्दाम नाही केलं, बाबा घरी तसं करायचे, हाताला सवय आहे.

घरी करायचे? घरी कशाला करतील? काहीतरीच सांगते. शिवाय त्या कात्रीने तिने कागद कापला. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार जाते, हे टेलरच्या पोरीला कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक फाटके कपडे घेऊन आले आणि देऊन गेले असं नाही, बसलेच. गेलेल्यांच्या घरचे इस्त्रीच्या बाजूला, वाचलेल्यांच्या घरचे आरशाच्या बाजूला, मध्ये टेबल. चित्रकार बाई सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होती, काय हाक मारायचात? आणि दगड पाझरावेत तशी माणसं बोलत होती. एक म्हातारे गृहस्थ बायकोला पन्नास वर्षं "ऐकलंस का" म्हणत आले. तेच भरायचं ठरलं. सगळे हसले, तेही हसले, मग रडायला लागले. वहिनींनी आपला ब्लाऊज आणला, न शिवता. त्यांचा शब्द "अहो". त्याबरोबर सगळ्या बायकांनी माना हलवल्या. घ्या, अहो म्हणजे काय फक्त वहिनींचेच?

दुपारी दारात सेक्रेटरी. हातात शर्टाची पुडी. एकदम शांत झालं. इस्त्रीकडचे भिंतीकडे बघायला लागले, आरशाकडचे आरशात. तो म्हणाला, "मी नुसतं ठेवून जातो." तेव्हा वहिनी बाकावर जराशा सरकल्या. एवढंच, सरकल्या. हाताने बाक झटकला. तो येऊन बसला आणि शर्ट मांडीवर धरून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "दादा म्हणायचो." मग आरशाकडून एक बाई उठल्या आणि त्याला पाणी नेऊन दिलं. त्यांचा मुलगा त्या बसमध्ये होता. काठावर वाचलेला.

हे बरं झालं. वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण जो तो जाताना लेकीच्या पाठीवर हात फिरवून गेला. दुकान कुणाचं, खुर्च्या कुणी मांडल्या, चहा कुणी केला? एकीनेही विचारलं नाही की रफूताई, तुमचं काय?

काय सांगणार होते म्हणा. माझ्याकडे फाटलेलं काहीच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कहर झाला. सगळे कपडे जोडायच्या आधी फाटेच्या कडा सुटू नयेत म्हणून त्यांना टाके घालायला हवेत. ती म्हणाली, मावशी, तुम्ही घालाल का? पण तुमचं बारीक काम नको हं. कच्चा टाका हवा. मोठा, ओबडधोबड, लहान मुलाने घातल्यासारखा. दिसला पाहिजे.

म्हणजे बावीस वर्षं मी जे शिकले ते नको. लहान मुलासारखं हवं. एखाद्या गवयाला सांगावं की बाबा, आज जरा बेसूर गा. मी मिठाची गुळणी धरून बसले आणि टाके घालत गेले. असले टाके घातले की मास्टरांनी पाहिले असते तर तोंडावर हात ठेवला असता.

सगळ्यात शेवटी तिचं स्वतःचं जाकीट. लोकरीचं, करडं, त्यात बारीक निळा धागा. शहरात शिकायला जाताना मास्टरांनी तिला शिवून दिलेलं. डावीकडे वीतभर फाडलेलं. ते कापड मी ओळखते. त्या ताग्यातून जो तुकडा उरला त्याची मास्टरांनी मला बंडी शिवून दिली होती, उगाच वाया कशाला घालवायचं म्हणून. माझी मापं घेतली नव्हती, तरी बरोबर बसली. दुकानात खिडकीशी गार वारा येतो, तेव्हा घालते. घरी नेलेली नाही. माझ्या खणात असते.

तिने जाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, हे मधोमध येणार, सगळ्यांच्या. मधोमध! मोठेपणा बघा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज ती नव्हती, भिंतीचं माप घ्यायला गेली होती. मी जाकीट घेतलं. कच्चा टाकाच घालणार होते. पण कापड भलतंच सुटत होतं, कच्च्या टाक्याने धरलं नसतं. म्हणून मग नीट केलं.

धागा त्याच कापडाचा लागतो. बाजारात तसा मिळणार नाही. बंडीच्या शिवणीतून काढावा तर मास्टरांनी आत बोटभरही कापड सोडलेलं नाही, काटकसरी माणूस. मग बंडीच्या पुढच्या भागातूनच काढले. एकेक उभा धागा, मग आडवे. मला वाटलं होतं पाच-सहांत भागेल, पण फाट लांब होती. जेवायचंही भान राहिलं नाही. इतका चांगला हात माझा कित्येक वर्षांत लागला नव्हता. निळा धागा निळ्याला मिळाला, करडा करड्याला. वाफ दिली, ब्रश मारला, उजेडात धरलं. काहीच नव्हतं तिथे. कधीच काही झालं नव्हतं.

मी सवयीने समोर बघितलं, दाखवायला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तिला अजून कळलेलं नाही. घडी घालून ठेवलंय. मला राहून राहून हसू येतं. येऊ दे तिकीट काढून चित्रं बघणाऱ्यांना, म्हणावं शोधा! आज मी स्वतः बोट फिरवून बघितलं, मलाही पटकन सापडलं नाही.

बंडीच्या डाव्या बाजूला मात्र जाळी पडली आहे. पलीकडचं बोट दिसतं. घातली नाही तरी चालेल, थंडी संपतच आली.

२ मार्च, रविवार

लिहवत नाही, तरी लिहिते.

आज सगळे कपडे मोठ्या कापडावर मांडून बघायचे होते. काका, सेक्रेटरी, वहिनी, आणखी चार-सहा जणी. सगळं मांडून झालं, मध्ये जागा सोडलेली. तिने जाकिटाची घडी उलगडली, टेबलावर पसरलं. डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. मग उलटं करून अस्तराकडून. मला आतून गुदगुल्या होत होत्या. ती म्हणाली, "माझी फाट कुठे गेली?"

सगळे हसले. त्यांना वाटलं, थट्टा करते. ती परत परत हात फिरवत राहिली, आंधळ्या माणसाने चेहरा चाचपावा तसा. म्हणाली, इथेच होती. मी स्वतःच्या हाताने फाडली होती, बाबांच्या शेजारी उभी राहून. इथे होती. आणि मग ती जी रडायला लागली ती काही थांबेना. सात दिवसांत मी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं, तेव्हा ती नुसती दारं उघडत होती आणि लोकांना पाणी देत होती.

मग ती आईवर उलटली. तूच शिवून घेतलंस. तुलाच ते फाटकं बघवत नव्हतं. बाबांसाठी फाडलेलं मरेपर्यंत शिवायचं नसतं हे तुला माहीत नाही? वहिनींनी लेकीकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. मी काय करते ते बघत होत्या.

मी काहीच केलं नाही. उठून इस्त्रीचं बटण बंद केलं. ते बंदच होतं.

४ मार्च, मंगळवार

दुकान उघडलं नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तिला हरवायला निघाले होते, आणि हरवलं. वडील गेल्यावर तिच्याकडे त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि तेच मी पुसून टाकलं. ते मला का बघवत नव्हतं? ती कधीतरी परत जाणार होती. मास्टरांची खुर्ची काही घेऊन जाणार नव्हती. हे सगळं मला आधीही कळत होतं. तरी राग येत होता. अजूनही येतो, खरं सांगायचं तर. ती लेक आहे, तिला रडता येतं, आणि सगळे तिच्याभोवती उभे राहतात.

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बंडीचं पण सांग त्यांना." मला वाटत होतं ह्यांना बंडी माहीतच नाही.

५ मार्च, बुधवार

वहिनींच्या घरी गेले. दोघी होत्या. बसा म्हणायच्या आत सांगून टाकलं की मी केलं, वहिनींचा काही संबंध नाही, मी जळून केलं. लेकीने मान वर केली नाही. तिने विचारलं, "सुटेल का?" मी म्हटलं, सुटेल. ज्याने घातलेत त्याला काढता येतात.

मग ती म्हणाली, त्या कापडाचा धागा आता कुठेच मिळत नाही, तुम्ही आणलात कुठून? मी पिशवीतून बंडी काढून दिली. तिने ती उजेडात धरली. डाव्या बाजूच्या जाळीतून खिडकी दिसत होती. वहिनींनी ती तिच्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि कॉलर सारखी केली.

"त्या ताग्यातलं मला काही शिवलं नाही त्यांनी," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, उरलेल्या तुकड्याची आहे, उगाच वाया जाऊ नये म्हणून. त्या हसल्या. पहिल्यांदाच मला तू म्हणाल्या. "जेवताना ते चमचा ताटाच्या कडेला वाजवायचे. टक टक. मग मान वर करायचे, आणि समोर मी. काही बोलायचे नाहीत, जेवायला लागायचे. मला माहीत होतं ते कुणाला बोलावतायत. दिवसभराचा माणूस तुझ्याकडे असायचा गं. माझ्याकडे दमलेला यायचा. बावीस वर्षं मी तुझ्यावर जळले. त्या दिवशी ब्लाऊज घेऊन आले ना, ते तुला रडवायला आले होते. तुझे हात बघितले आणि जमलं नाही."

मी म्हटलं, वहिनी, आमचं तसं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. असतं तर सोपं गेलं असतं, भांडता तरी आलं असतं."

आणि मग मी रडले. कोण लागते ते न विचारता. वहिनींनी आत जाऊन दोन अंडी उकडली आणि स्वतः सोलून मला दिली.

६ मार्च, गुरुवार

रफू उसवलं. घालण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागला, कारण कुठे आहे तेच दिसत नव्हतं. लेकीने दिवा धरला. ती एकदा म्हणाली, मावशी, काय सुंदर काम आहे हो हे. मला त्या कौतुकाचा काही उपयोग नव्हता, तरी बरं वाटलं. माणूस सुधारत नाही.

शेवटचा धागा निघाला आणि फाट उघडली. तिने तिच्यावर हात ठेवला. मग मी कच्चा टाका घातला, मोठा, वेडावाकडा. तिने सांगितला होता तसा.

निघालेले धागे परत बंडीत विणता आले असते. पण विणले नाहीत.

१६ मार्च, रविवार

सगळं धैर्य गोळा करून काकांना विचारलं की सात नात्यांत जे बसत नाहीत त्यांचं काय. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "सातांना सक्ती आहे. बाकीच्यांना बंदी कुणी केली? तू नोव्हेंबरातच विचारायचं होतंस." मी म्हटलं, पण मी काही फाडलेलं नाही. त्यांना बंडी दाखवली. त्यांनी जाळीतून बोट घालून बघितलं आणि म्हणाले, हे काय मग?

२३ मार्च, रविवार

कापड लागलं. मागची आख्खी भिंत भरली. मधोमध जाकीट, खाली "बाबा". उजवीकडे वहिनींचा ब्लाऊज, "अहो". डावीकडे माझी बंडी. शब्द काय घालू असं लेकीने विचारलं तेव्हा मी "मास्टर" म्हटलं, आणि लगेच वाटलं की सगळं गाव त्यांना मास्टरच म्हणायचं, यात माझं असं काय? मत्सर काही एका रविवारात जात नाही. पण भरताना तिने तो शब्द माझ्याकडूनच भरून घेतला, आणि मी तोही ओबडधोबड भरला. दारातून वाचता येतो.

काकांनी माणसं मोजली. सेक्रेटरी सवयीने पायरीवरच थांबला होता. "ऐकलंस का"वाले आजोबा उठले, बाहेर गेले आणि त्याला दंडाला धरून आत घेऊन आले, आपल्याच बाकावर बसवलं. मग कद्दीश झाला. गेलेल्यांसाठी म्हणतात, पण त्यात मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती. इतकी वर्षं ऐकतेय, मला ते नेहमी विचित्र वाटायचं. आज आमेन म्हणताना आवाज सगळ्या बाकांवरून आला.

संपल्यावर लोक कापडाजवळ जाऊन उभे राहिले, एकमेकांच्या फाटी बघत, कोणाची कुठली ते विचारत. वहिनी आणि मी मागे बाकावर बसलो होतो. लेक शिडीवर होती, कापडाचा वरचा कोपरा जरा झोलत होता, तिला सुई हवी असणार. तोंडात टाचण्या होत्या. तिने हातातली कात्री शिडीच्या पायरीवर वाजवली. टक टक.

आम्ही दोघी एकदमच वळलो. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"जा," त्या म्हणाल्या. "तुलाच बोलावतायत."

मी "आले" म्हटलं आणि सुई घेऊन उठले.